साधी सूज

मू घराण्यात वाईट बातमी सांगायचं काम मोठ्या मुलाचं असतं, आणि ती न सांगायचंही. त्यामुळे डॉक्टर चू बाईंनी पडद्यावरचं आईच्या पोटाचं चित्र दाखवायला घरच्यांना बोलावलं तेव्हा देचांग पुढच्या खुर्चीत बसला आणि त्याची बायको लीपिंग मागे भिंतीला टेकून उभी राहिली. खुर्च्या दोन होत्या. दुसरीवर देचांगनं आपलं जाकीट ठेवलं होतं, आणि ते उचल म्हणण्याचा हट्ट करावा असं त्या सकाळी लीपिंगला वाटलं नाही.

“ही पुवाची पिशवी,” चू बाई पेन्सिलीनं दाखवत म्हणाल्या. आईच्या ओटीपोटात उजव्या बाजूची नळी आणि बीजकोश एकमेकांना चिकटून त्याचा एक गोळा झाला होता आणि आत पू साचला होता. सलाइनमधून औषध चालू होतं, पण गोळा ओसरत नव्हता आणि ताप रोज संध्याकाळी परत चढत होता. आकार म्हणाल तर सफरचंदाएवढा.

“ऐंशीच्या की सत्तरच्या?” देचांगच्या तोंडून निघून गेलं. आयुष्यभर फळं मापाच्या भोकांतून घालवणाऱ्या माणसाला सफरचंद म्हटलं की मिलिमीटरच आठवतात. त्याला लगेच लाज वाटली. पण चू बाईही याच डोंगरांतल्या होत्या. सत्तरच्या, म्हणून त्यांनी सरळ उत्तर दिलं आणि पेन्सिल जरा डावीकडे सरकवली. तिथे, बरोबर मध्यभागी, एक पांढरंशुभ्र गोल वर्तुळ होतं.

देचांगला वाटलं, कपड्याचं बटण आलं चित्रात. लीपिंगला मात्र बघताक्षणीच कळलं. तिचा हात नकळत स्वतःच्या पोटावर गेला, कारण तसलंच एक वर्तुळ तिच्याही आत होतं, मुलगा झाला त्या वर्षापासून. तिच्या वयाच्या आणि तिच्याहून मोठ्या, गावातल्या जवळजवळ प्रत्येक बाईच्या आत ते होतं. पुन्हा मूल राहू नये म्हणून गर्भाशयात बसवलेली पोलादाची कडी. बाळंतपण झालं की आरोग्यकेंद्रात न्यायचे, बसवायचे, आणि घरी पाठवायचे. बसवायला माणसं दारात यायची. काढायला कोणी येत नसे.

पाळी थांबल्यावर वर्षभरात ही काढायला हवी होती, चू बाई म्हणाल्या. पुढे गर्भाशय आकसतं, कडी आत रुतते, आणि तिच्या आसऱ्यानं जंतू वर्षानुवर्षं शांतपणे घर करून राहतात. मावशींची, म्हणजे तुमच्या आईची, पाळी जाऊन पंधरा वर्षं तरी झाली असतील. एखादी तरुण बाई असती तर आणखी थोडे दिवस औषधावर वाट पाहिली असती, सुईनं पू काढून बघितला असता. या वयात तसं करत नाहीत. एक तर औषधानं असा गोळा सहसा जिरत नाही, तो फुटला तर विष रक्तात जातं. आणि दुसरं, या वयात अशा गोळ्याच्या आड कधी कधी वेगळंच काही लपलेलं असतं. म्हणून उघडायचं, पू धुवायचा, गर्भाशय, नळ्या, बीजकोश सगळं काढायचं आणि तुकडा तपासायला द्यायचा.

एवढ्या सगळ्या बोलण्यातून देचांगनं एकच गोष्ट उचलली. “वेगळंच काही म्हणजे कॅन्सर.”

“शक्यता कमी आहे. माझ्या मते हा जंतूंचाच उद्योग आहे. पण नाहीच, असं मी कापल्याशिवाय म्हणणार नाही.”

“तिला यातलं काही सांगायचं नाही,” देचांग म्हणाला.

चू बाईंना याची सवय होती. त्या भागात पेशंटला सगळ्यात शेवटी कळतं, आणि बऱ्याचदा कळतच नाही. सही मुलानं करायची, हेही ठरलेलं. त्यांनी फक्त एवढं बजावलं, की सही तुमची असली तरी पोट त्यांचं आहे. नको म्हणणाऱ्या बाईला मी टेबलावर घेणार नाही. आणि आज संध्याकाळच्या आत काय ते ठरवा, नाडी मला आवडत नाहीये.

*

धाकटी बहीण शुहुई छिंगताओ शहरातून पहिल्या बसनं आली होती. जिन्यातच भावानं तिला गाठलं आणि सगळं सांगितलं. ती तिथेच पायरीवर बसली. मग नाक पुसून म्हणाली, की आईला नकोच सांगायला, दादा. बाबांच्या वेळी आईनं किती नेटानं निभावलं होतं. बाबा शेवटपर्यंत हसतखेळत होते.

देचांगला बरं वाटलं. बहीण शहरात जाऊन शिकली, बालवाडी चालवते, तेव्हापासून ती प्रत्येक गोष्टीत फाटे फोडते असं त्याचं मत होतं. आज ती त्याच्या बाजूला होती. त्यानं तिला आपलं तत्त्वज्ञान समजावून सांगितलं. झाडावरच्या सफरचंदांना घातलेल्या दुहेरी कागदी पिशव्या आपण एकदम काढतो का? आधी बाहेरचा कागद काढायचा. आतला लाल कागद तसाच ठेवायचा. चार दिवस गेले, फळाला उजेडाची सवय झाली की मग तोही. एकदम ऊन लागलं तर साल भाजते आणि वर्षाची मेहनत जाते. माणसाचं तसंच आहे. आत्ता फक्त ‘साधी सूज आहे, छोटं ऑपरेशन आहे’ एवढं सांगू. बाकीचं नंतर बघू.

“आणि आतला कागद कधी काढायचा?” लीपिंगनं विचारलं. ती दोन पायऱ्या खाली उभी होती.

“तो या वेळी नाही काढला तरी चालेल,” देचांग म्हणाला, आणि खोलीकडे निघाला.

*

देचांगची आई, सुई फेंगचिन, खिडकीजवळच्या खाटेवर होती. बायकांचा वॉर्ड, शेजारच्या खाटेवर किनाऱ्याकडची एक कोळीण, तिचा नवरा तिला दिवसभर वाळवलेले शिंपले सोलून भरवायचा. फेंगचिनला ताप होता, पण डोकं स्वच्छ होतं. सकाळी नर्स आली आणि उशापाशी टांगलेलं कार्ड, ज्यावर नाव आणि आजार लिहिलेला असतो, ते तिनं उलटं करून टाकलं. फेंगचिननं ते पाहिलं आणि काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. अकरा वर्षांपूर्वी याच इस्पितळात नवऱ्याच्या उशाचं कार्ड तिनं स्वतः, स्वतःच्या हातानं उलटं केलं होतं.

मग मुलं आत आली. तिघंही एकदम आली आणि तिघंही हसत होती.

“आई, साधी सूज आहे,” देचांग म्हणाला. “पोटात थोडी सूज आहे. एक छोटंसं ऑपरेशन केलं की संपलं. दहाएक दिवसांत घरी.”

फेंगचिननं मान हलवली. तिला मनापासून मुलाची दया आली. बिचाऱ्यानं शब्दसुद्धा बदलले नव्हते.

हेच, अगदी हेच, तिनं नवऱ्याला, योंगफाला, सांगितलं होतं. साधी सूज आहे हो, यकृताला साधी सूज आहे. त्याला घरी आणलं, औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं गरम पाण्यात भिजवून सोलून काढली. त्याच्यासमोर पुढच्या वर्षीच्या कलमांच्या गोष्टी केल्या. त्याला आवडतात म्हणून घडीघडीला नूडल्स केल्या. आणि पोटातलं सगळं अनावर झालं की मागच्या शेडमध्ये, रिकाम्या पेट्यांच्या आडोशाला जाऊन तोंडात पदर कोंबावा तसा हातरुमाल कोंबून रडून घेतलं. चार महिने. योंगफाला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, हा तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम होता असं ती समजत होती. फक्त एका गोष्टीचा तिला तेव्हा राग यायचा. त्या शेवटच्या महिन्यांत योंगफाला रेडिओचं खूळ लागलं होतं. जुन्या संगीत नाटकांची पदं लावायचा, आणि तीही अशी मोठ्यानं, की शेडच्या भिंती थरथरायच्या. घरात आजार, आणि याला गाणी सुचतात.

“बरं,” ती मुलांना म्हणाली. “मग ऑपरेशन नको. घरी चला.”

देचांगचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. त्यानं समजावलं, शुहुईनं समजावलं. फेंगचिन शांतपणे ऐकत राहिली आणि मध्येच बागेचं विचारू लागली. खालच्या टप्प्यावरच्या पिशव्या काढल्या का? उत्तरेकडच्या झाडांपासून सुरुवात करा, तिकडे रंग उशिरा चढतो. शेवटच्या रांगेत शिडी लावू नका, जमीन भुसभुशीत आहे. मग तिनं सुनेला जवळ बोलावून आवाज खाली केला. कापराच्या लाकडाच्या पेटीत, तळाशी, निळ्या कापडात माझे शेवटचे कपडे आहेत. बूट जरा मोठे आहेत, पण चालतील.

“आई, काय हे,” शुहुई म्हणाली आणि खिडकीकडे वळली.

फेंगचिनचा हिशेब सरळ होता. योंगफाला इथे उघडलं, काही न करता परत शिवलं, आणि तिथून पुढे तो स्वतःच्या पायांवर बागेत गेला नाही. आपल्याला तसं नको. ऊन पडलं की कडेकडेनं बागेत जाता यावं, आणि जायची वेळ येईल तेव्हा आपल्या घरात, खालून ऊब लागणाऱ्या आपल्या विटांच्या पलंगावर असावं. मुलांनी एवढ्या प्रेमानं खोटं सांगितलं, ते तिनं प्रेमानं ऐकून घेतलं. उलट उत्तर देऊन त्यांचा पराक्रम कशाला मोडा?

*

इस्पितळासमोरच्या टपरीवर तिघं बसली. पुढ्यात ज्वारीच्या पेजेसारखी पातळ भरडी आणि वाफवलेले पाव आले आणि गार होत राहिले. चू बाई रस्ता ओलांडताना तिथे थांबल्या आणि उभ्या उभ्याच सांगून गेल्या, की दुपारच्या तपासणीत रक्तदाब खाली आला आहे. संध्याकाळची वाट बघू नका.

देचांगनं मोठं खोटं सुचवलं. हर्निया म्हणून सांगू. गावात दर दुसऱ्या माणसाला हर्निया होतो, त्यात घाबरण्यासारखं काय? शुहुई म्हणाली, तिला गुंगीचं औषध देऊन नेता येईल का. मग स्वतःच म्हणाली, की नाही, असं मी कसं बोलले. देचांग म्हणाला, तूच बोललीस. दोघं लहानपणी भांडायची तशी भांडली, हळू आवाजात, पाव कुस्करत.

“ती मरायला निघाली आहे,” लीपिंग म्हणाली. “कारण आपण तिला सांगितलं, तू मरणार आहेस.”

“कोणी सांगितलं?” देचांगनं मान वर केली.

“तूच. बाबांना जे सांगितलं होतं तेच. शब्दसुद्धा तेच. या घरात ‘साधी सूज’ म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला माहीत आहे? आणि गंमत बघ, डॉक्टर म्हणतात की बहुतेक खरंच साधी सूज आहे. पण आता ते तिला कोण पटवणार?”

देचांगला राग आला, कारण ते खरं होतं. “हे आमच्या घरातलं आहे, तू मध्ये पडू नकोस,” तो म्हणाला.

सून होऊन सतरा वर्षं झालेल्या बाईला हे ऐकून काय वाटलं असेल ते सांगायला नको. लीपिंगनं फक्त आपली वाटी पुढे सरकवली. अनपेक्षितपणे उठली ती शुहुई. जिन्यात ज्या भावाच्या बाजूला ती होती त्याच्याकडे पाठ करून ती वहिनीशेजारी येऊन बसली. बाबा गेले तेव्हा मी इथे नव्हते, ती म्हणाली. आई आजारी पडल्यापासून तिचं सगळं वहिनीनं केलं आहे. मला तर आईच्या पोटात कडी होती हेही आज कळलं. “वहिनी, तू बोल तिच्याशी. एकटीच जा.”

“काय बोलणार आहेस?” देचांगनं विचारलं. आवाज आता खाली आला होता.

“सगळं. वाईटसुद्धा.”

त्यानं हातातला पाव खाली ठेवला. मग जाकिटाच्या खिशातून रुमाल काढून त्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, की पाय गार पडतात तिचे. गरम पाणी ने.

*

लीपिंगनं इनॅमलच्या तसराळ्यात गरम पाणी आणलं, सासूला खाटेच्या कडेला बसवलं आणि तिचे पाय पाण्यात सोडले. कोळिणीचा नवरा शहाणा माणूस होता. शिंपल्यांची पुडी बांधून तो बाहेर गेला.

“तुम्हाला कडी बसवली होती, आठवतं?” लीपिंगनं विचारलं.

फेंगचिन या प्रश्नाला तयार नव्हती. आठवतं की, ती म्हणाली. शुहुई दुधावर होती. महिला समितीच्या बाईनं आठ-दहा जणींना ट्रॅक्टरवर घालून नेलं होतं, थंडीचे दिवस होते, येताना सगळ्या जणी एकाच गोधडीत बसून आल्या. मग पाळी गेली तेव्हा वाटलं, आता तीही गेली असेल. पडली असेल कुठेतरी बागेत, काम करता करता. विचारणार कोणाला? असल्या गोष्टी कोणी विचारतं?

“पडली नाही. आतच आहे. तिच्याभोवती जंतू झाले, आणि उजव्या अंगाला पुवाचा गोळा झालाय. सत्तरच्या मापाचा. डॉक्टरांना वाटतं, एवढंच आहे. पण या वयात त्याच्यामागं कॅन्सरही असू शकतो. शक्यता कमी आहे, पण कापल्याशिवाय त्यांनाही कळणार नाही. आणि नाही कापलं तर तो गोळा फुटेल आणि तुम्ही त्यानंच जाल, कॅन्सर असो की नसो.”

फेंगचिन सुनेच्या डोक्याकडे, वाकलेल्या भांगाकडे बघत राहिली. गेल्या कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिला कोणीतरी असं काही सांगितलं होतं, जे ऐकून बरं वाटत नव्हतं. म्हणून तर तिला ते खरं वाटू लागलं.

“हे सांगायला तुला कोणी पाठवलं?”

“शुहुईनं पाठवलं. तिच्या दादानं अडवलं नाही.”

“कमी म्हणजे किती कमी?”

“आकडा नाही सांगितला त्यांनी. मी विचारला असता तर तुम्हाला सांगितला असता.”

फेंगचिन पाण्यात पायाची बोटं हलवत राहिली. मग म्हणाली, की हे असं सांगणं बरं नसतं, लीपिंग. माणसाचा धीर सुटतो. मी बघ, तुझ्या सासऱ्यांना कधी कळू दिलं नाही. सुखानं गेले.

लीपिंगनं पायांवरून हात काढला. अकरा वर्षं तिनं एक गोष्ट गिळून ठेवली होती, आणि ती कधीच सांगायची नाही असा शब्द दिला होता. ज्याला दिला तो माणूस आता टेकडीवर, वरच्या टप्प्यावरच्या झाडांच्याही वर, मातीखाली होता. तिनं त्याची मनातल्या मनात माफी मागितली.

“त्यांना माहीत होतं, आई.”

“काय माहीत होतं?”

“सगळं. बाटल्यांची लेबलं सोललेली बघितली त्या दिवसापासून. मला म्हणाले, चांगल्या औषधाचं लेबल कोण सोलतं? आम्ही दोघं अंगणात बसून फळं निवडत होतो. मला म्हणाले, तुझ्या सासूला मात्र कळू देऊ नकोस मला कळलंय म्हणून. ती एवढी धडपडतेय, तिला वाटू दे जमलं म्हणून.”

खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“मग मी शेडमध्ये जायचे ते?” तिनं विचारलं.

“माहीत होतं. तुम्ही शेडकडे निघालात की ते रेडिओ मोठा करायचे. म्हणायचे, तिला वाटतंय मला ऐकू येईल, म्हणून ती तोंड दाबून रडते. आवाज असला म्हणजे मोकळी रडेल.”

फेंगचिनचा चेहरा आधी हलला नाही. मग तिचे खांदे हलू लागले, आणि ती रडली. तोंडावर हात न ठेवता, कोळिणीच्या देखत, पाय पाण्यात असताना. तिला दुःख झालं होतं आणि तितकाच रागही आला होता, त्या मेलेल्या माणसाचा, की चार महिने दोघं एका पलंगावर झोपलो, एकमेकांपासून तेच लपवत, आणि एकदासुद्धा मिळून रडलो नाही. केवढं बोलता आलं असतं. कलमांच्या गोष्टी सोडून दुसरं केवढं तरी. लीपिंग तिच्या पायांना धरून बसून राहिली. पाणी गार होत गेलं.

“बोलव त्या डॉक्टरबाईला,” शेवटी फेंगचिन म्हणाली. “माझ्यासमोर सांगू दे सगळं. आणि देचांगलाही बोलव. बाहेर दाराला कान लावून उभा असेल.”

तो तसाच उभा होता. चू बाई आल्या, खाटेवर बसल्या, आणि मावशी, असं म्हणून त्यांनी काय कापणार, काय काढणार, काय काय बिघडू शकतं, ते सगळं सांगितलं. फेंगचिननं दोनच प्रश्न विचारले. एक, की उघडल्यावर काही वाईट दिसलं तर मला सांगाल की मुलाला? चू बाई म्हणाल्या, तुम्हाला. दुसरा, की पुढच्या हंगामात शिडी चढता येईल का? त्या म्हणाल्या, शिडीचं वय तुमचं तसंही राहिलेलं नाही. यावर कोळीण हसली. कागदावर देचांगनं सही केली. मग आईनं त्याच्या हातून पेन घेतलं आणि त्याच्या सहीशेजारी, जागा नव्हती तिथे, मोठ्या वळणानं स्वतःचं नाव लिहिलं. कोणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं, आणि कोणी अडवलंही नाही.

*

ऑपरेशन लांबलं. बाहेरच्या बाकावर देचांग मध्ये आणि दोघी दोन बाजूंना बसल्या. एकदा तो बायकोला म्हणाला, की बाबांचं तू मला तरी सांगायचं होतंस. लीपिंग म्हणाली, तुला सांगितलं असतं तर तुला आईपासून लपवायला आणखी एक गोष्ट झाली असती. थोड्या वेळानं त्यानं मांडीवरचं जाकीट तिच्या खांद्यावर टाकलं, कारण तिथं वारा येत होता.

पू पुष्कळ निघाला. आतडं थोडं चिकटलं होतं, ते सोडवावं लागलं. गर्भाशय, नळ्या, बीजकोश, सगळं काढलं. टेबलावर असतानाच तुकडा तपासायला गेला, आणि बरा दिसतोय असं उत्तर आलं, पण पक्का निकाल आठवड्यानं. चू बाईंनी हे फेंगचिनला शुद्धीवर आल्यावर जसंच्या तसं सांगितलं, ‘पण’सकट. ताप तिसऱ्या दिवशी उतरला आणि परत चढला नाही. पोटातून निघालेली रबरी नळी आधी गढूळ, मग गुलाबी, मग साधं पाणी देऊ लागली. देचांग रोज पहाटे बागेत पिशव्या काढून दुपारी यायचा, त्याच्या बोटांना लाल कागदाचा रंग लागलेला असायचा.

कडी एका छोट्या बरणीत ठेवली होती. फेंगचिननं ती मागून घेतली. जेमतेम अंगठ्यात जाईल एवढी, काळी पडलेली. ती उजेडाकडे धरून तिनं बराच वेळ पाहिली, मग बरणी परत दिली.

“तुझी पाळी थांबली की वर्षाच्या आत काढून घ्यायची,” तिनं लीपिंगला बजावलं. “मी विचारत राहीन. सगळ्यांदेखत विचारीन.”

“विचारा,” लीपिंग म्हणाली.

“आणि गावातल्या त्या ट्रॅक्टरवरच्या सगळ्या जणी. ज्या आहेत त्या. घरी गेल्यावर एकेकीकडे जाते.”

निकालाच्या दिवशी देचांग कागद हातात घेऊन आला. जिने धावत चढला असावा, कारण खाटेशी येऊन उभा राहिला तरी त्याला बोलता येईना. कपाळावर घाम होता आणि केसांत एक सुकं पान.

“आई,” तो म्हणाला. “साधी सूज होती. साधी सूज.”

बोलला आणि थबकला. आपण काय बोललो ते त्याला कळलं. फेंगचिननं त्याच्याकडे पाहिलं, आणि मग त्याच्या खांद्यावरून मागे, लीपिंगकडे पाहिलं. लीपिंगनं कागद स्वतः वाचला होता, खाली चू बाईंच्या टेबलाशी, दोनदा. कॅन्सर नाही. कडीवर वाढणाऱ्या जंतूंचाच सगळा प्रताप, आता काही महिने गोळ्या चुकवायच्या नाहीत. तिनं सासूकडे सरळ बघत मान हलवली.

तेव्हा कुठे फेंगचिननं श्वास सोडला आणि डोकं उशीवर टेकलं.

देचांगला अचानक आठवलं, की गाडी वाटेत उभी केली आहे. गाडी बघून येतो म्हणून तो घाईनं बाहेर गेला. पण जिना उतरल्याचे आवाज आले नाहीत. दाराबाहेर, भिंतीच्या पलीकडे, एक मोठा माणूस बाहीत तोंड खुपसून रडत होता, आणि तोंड दाबल्यामुळे तो आवाज जास्तच ऐकू येत होता. कोळीण उठून दाराकडे बघू लागली.

“लीपिंग,” फेंगचिन म्हणाली, “तुझ्या फोनवर ती जुनी पदं लागतात ना? लाव एखादं.”

लीपिंगनं फोन काढला.

“मोठ्यानं लाव,” फेंगचिन म्हणाली. “अजून मोठ्यानं.”